ताईचे नाव यादीत नव्हते

(मंडळाच्या गणेशोत्सवात, जबलपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गणपतीसमोर भजन, मुलांची नाटुकली, अथर्वशीर्षाची आवर्तने असे सगळे असताना पेन्शनसारखा रुक्ष विषय कशाला, असे मी सेक्रेटरींना विचारले होते. ते म्हणाले, "काका, आरती झाली की निम्मे लोक प्रसाद हातात घेऊन तुम्हालाच पेन्शनचे विचारत उभे राहतात. त्यापेक्षा एकदा माईकवरच सांगून टाका." म्हणून उभा आहे.

आपल्यापैकी अनेकांचे वडील, आजोबा फॅक्टरी, रेल्वे, तारखाते, लेखा खाते अशा नोकऱ्यांपायी इथे आले आणि इथलेच झाले. गावाकडे शेत नाही, वाडा नाही. आपली इस्टेट म्हणजे पेन्शन. मी स्वतः केंद्र सरकारच्या एका लेखा कार्यालयात 31 वर्षे काढली, त्यातली बरीचशी पेन्शनच्या टेबलावर. तरीही माझ्याच घरात काय झाले, ते आधी सांगतो. ताई समोरच बसली आहे. तिची परवानगी घेतली आहे.

आमचे वडील केंद्र सरकारचे पेन्शनर. 1994 साली ते गेले आणि आईला फॅमिली पेन्शन सुरू झाली. ताईने लग्न केले नाही. आईचे अंथरुण धरल्यापासूनचे सगळे तिनेच केले. जानेवारी 2009 मध्ये आई गेली आणि पेन्शन बंद झाली. तेव्हा ताई 53 वर्षांची होती.

25 वर्षांवरील अविवाहित मुलीलाही फॅमिली पेन्शन मिळू शकते, असा आदेश केंद्राने 2007 सालीच काढला होता. विधवा आणि घटस्फोटित मुलींसाठी तो 2004 मध्ये निघाला होता. हे दोन्ही कागद माझ्या टेबलावरून गेले होते. पण अर्ज मी केला नाही. कारण? आम्ही तीन भाऊ मिळवते असताना बहिणीने सरकारकडे हात पसरायचा, हे मला कमीपणाचे वाटले. आम्ही दरमहा तिला पैसे देत होतो. झाले की, असे वाटे.

2011 च्या दिवाळीत माझ्या पत्नीच्या लक्षात आले, की ताईच्या चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली आहे आणि नंबरही बदललेला आहे. का सांगितले नाहीस, असे मी रागानेच विचारले. ताई म्हणाली, "गेल्या महिन्यात धाकट्याकडे फी भरायची होती, या महिन्यात तुझा गाडीचा हप्ता. मध्ये चष्मा कुठे सांगू? तुम्ही देता रे, पण मला मागावं लागतं."

त्या रात्री मला झोप लागली नाही. पुढचे शेवटी सांगतो. आधी तुमचे नेहमीचे प्रश्न घेऊ.

मी सांगतो ते केंद्राच्या नागरी कर्मचाऱ्यांचे नियम आहेत. 1972 च्या नियमांच्या जागी 2021 चे पेन्शन नियम आले, ते. 31 डिसेंबर 2003 पर्यंत लागलेल्यांना ते लागू आहेत. रेल्वेची नियमावली वेगळी आहे, तत्त्वे बरीचशी सारखी. मध्य प्रदेश शासन, बँका आणि भविष्य निर्वाह निधीवाले यांनी आपापले नियम पाहावेत.

किती नोकरी झाली की पेन्शन मिळते?

निवृत्तीच्या वेळी किमान 10 वर्षांची पात्र सेवा हवी. पेन्शन शेवटच्या मूळ पगाराच्या किंवा शेवटच्या 10 महिन्यांच्या सरासरीच्या निम्मी, यातले जे फायद्याचे असेल ते. 10 वर्षे न भरता निवृत्त झाल्यास एकरकमी ग्रॅच्युइटी मिळते, पेन्शन नाही. पण राजीनामा ही वेगळी गोष्ट आहे. परवानगी घेऊन दुसऱ्या सरकारी जागेवर जाण्यासाठी दिलेला राजीनामा सोडला, तर राजीनाम्याने मागची सगळी सेवा बुडते. 20 वर्षे झाली असतील तर स्वेच्छानिवृत्ती घ्या. रागाच्या भरात राजीनामा लिहू नका.

अपघात झाला, लकवा झाला, आता काम होत नाही. मग?

इथेही पहिली चूक राजीनाम्याचीच होते. घरचे म्हणतात, सोडून द्या नोकरी. थांबा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 20 प्रमाणे, नोकरीत असताना अपंगत्व आले म्हणून कर्मचाऱ्याला काढता येत नाही. ते काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरे काम द्यायचे, तेही नसेल तर जादा पद निर्माण करून त्यावर ठेवायचे. ज्याला पुढे कामच करणे शक्य नाही, त्याला वैद्यकीय तपासणीनंतर अशक्तता पेन्शन आहे. 2019 पासून त्यासाठी 10 वर्षांची अटही राहिलेली नाही.

यजमान गेले. मी स्वतः नोकरी करते. मला फॅमिली पेन्शन मिळेल?

हा प्रश्न मला बायका हळू आवाजात विचारतात. उत्तर मोठ्याने देतो: मिळेल. पती किंवा पत्नीच्या बाबतीत उत्पन्नाची अट नाही. तुमचा पगार असो वा स्वतःची पेन्शन, ही मिळणारच. दर शेवटच्या मूळ पगाराच्या 30 टक्के. 2016 पासूनच्या सातव्या आयोगाच्या हिशेबाने किमान 9,000 रुपये, वर महागाई. नोकरीत असताना मृत्यू झाला तर पहिली 10 वर्षे 50 टक्के. निवृत्तीनंतर झाला तर वाढीव दर 7 वर्षे किंवा कर्मचाऱ्याला 67 वर्षे पूर्ण झाली असती तोवर, यातले जे आधी येईल ते. मात्र ती रक्कम त्यांच्या पेन्शनपेक्षा जास्त होत नाही.

पुनर्विवाह केल्यास पत्नीची फॅमिली पेन्शन थांबते आणि पात्र मुलांकडे जाते. मूलबाळ नसलेल्या विधवेची मात्र पुनर्विवाहानंतरही सुरू राहते, तिचे स्वतःचे उत्पन्न ठरलेल्या मर्यादेत असेल तर.

आमच्यामागे मुलांना काय?

आधी 25 वर्षांखालील मुले, जन्माच्या क्रमाने, एका वेळी एक. लग्न झाले किंवा मिळवायला लागले की त्याचा हक्क संपतो. त्यानंतर ज्या मुलाला अपंगत्वामुळे कमावता येत नाही, त्याला आयुष्यभर. 2021 च्या आदेशाने त्याच्या उत्पन्नाची मर्यादा वाढवून शेवटच्या पगाराच्या 30 टक्के आणि त्यावरची महागाई अशी केली आहे. ज्यांच्या घरी असे लेकरू आहे त्यांना माझे हात जोडून सांगणे आहे, की तुम्ही हयात असतानाच प्रमाणपत्र काढून त्याचे नाव पी.पी.ओ.वर चढवून घ्या. तशी सोय आहे. तुमच्यामागे त्याच्यासाठी खिडक्या कोण फिरणार?

मग 25 वर्षांवरील अविवाहित, विधवा, घटस्फोटित मुली. उत्पन्न किमान फॅमिली पेन्शन आणि महागाई यांच्या बेरजेपेक्षा कमी हवे. विधवा मुलीच्या बाबतीत, पतीचा मृत्यू आई-वडिलांपैकी निदान एक जण हयात असताना झालेला हवा. घटस्फोटाचेही तसेच. पण त्यांच्या हयातीत कोर्टात दावा दाखल झाला असेल आणि निकाल नंतर लागला असेल, तरी 2017 च्या आदेशाप्रमाणे चालते. म्हणून माहेरी परतलेल्या मुलीचे प्रकरण "बघू, मिटेल" म्हणून वर्षानुवर्षे तसेच ठेवू नका.

आमचा मुलगा 2004 नंतर लागला. त्याला काहीच नाही का?

1 जानेवारी 2004 पासून लागलेल्यांना नवी योजना, म्हणजे एन.पी.एस. आहे. पण नोकरीत मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास जुन्या नियमांचे फायदे घेण्याचा पर्याय 2021 च्या नियमांत आहे. तो फॉर्म भरून सर्व्हिस बुकला लागला आहे का, हे मुलाला आजच फोन करून विचारा. 1 एप्रिल 2025 पासून एकीकृत योजनाही आली आहे. तिच्यात किमान 10 वर्षांच्या सेवेवर महिना 10,000 रुपयांची हमी आहे आणि निवृत्ताच्या मागे 60 टक्के मिळतात. पण ते पती किंवा पत्नीलाच, मुलामुलींना नाही. निवड करताना हे ध्यानात ठेवा.

आता शेवटची गोष्ट. 31 वर्षांत मी पाहिले, की माणसे नियमात क्वचित अडतात, नावात अडतात. आणि आपण मराठी माणसे तर फारच! लग्नात मुलीचे नावच बदलायचे. शाळेच्या दाखल्यावर कुसुम, सर्व्हिस बुकात मंगला, बँकेत नुसतीच एम. इथल्या कार्यालयांत मधले नाव गाळतात, मग बापाचे नाव कुठले आणि आडनाव कुठले याचा घोळ. पतीच्या पश्चात ती बाई मीच, हे सिद्ध करायला तिला प्रतिज्ञापत्रे करीत हिंडावे लागते. हे दोघे असतानाच दुरुस्त होते, एका अर्जात.

आमच्या ताईचेही तेच झाले. 2012 साली मी अर्ज घेऊन गेलो, तेव्हा वडिलांनी भरलेला कुटुंबाचा फॉर्म बाहेर निघाला. त्यात आई होती, आम्ही तिघे भाऊ होतो. ताई नव्हती. मुलगी लग्न होऊन जाणार, तिचे नाव कशाला, असे त्यांना वाटले असेल. त्यांना दोष देत नाही. त्या काळचा तो रिवाज होता. (मुलीचे नाव कुटुंबाच्या तपशिलातून कमी करायचे नाही, असे केंद्राने 2024 मध्ये स्पष्टच केले आहे.) यादीत नाव नाही म्हणून हक्क जात नाही, पुरावा द्यावा लागतो. मग शाळेचा दाखला, रेशनकार्ड, अविवाहित असल्याचे प्रतिज्ञापत्र, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला. 14 महिने लागले. मी त्या खात्यातला असून 14 महिने!

आईच्या मृत्यूनंतरची थकबाकी आली. ताईने चष्मा केला. आणि त्या वर्षी गणपतीची वर्गणी मागायला मुले आली, तेव्हा मी पाकीट काढायच्या आत तिने स्वतः 101 रुपये दिले आणि म्हणाली, "पावती माझ्या नावाची फाड." ती पावती तिने अजून जपून ठेवली आहे.

तेव्हा फॅमिली पेन्शन म्हणजे भीक नव्हे. ज्याने आयुष्य सरकारी कामात घातले, त्याच्या माणसांचा तो हक्क आहे. आज घरी गेल्यावर कागदांची पिशवी काढा. पी.पी.ओ. कुठे आहे, कुटुंबाच्या फॉर्मवर कोणाकोणाची नावे आहेत, स्पेलिंग जुळते का, पत्नीबरोबर बँकेत जोडखाते आहे का, एवढे चारच प्रश्न. जोडखाते असेल तर नवे खाते काढावे लागत नाही. नोव्हेंबरचा हयातीचा दाखला विसरू नका. 80 वर्षांवरच्यांना तो 1 ऑक्टोबरपासूनच देता येतो, आणि आता मोबाईलवर चेहरा दाखवूनही होतो.

आणि पिशवी उघडाल तेव्हा घरातल्या बाईला शेजारी बसवा. कागद तिलाच लागणार आहेत.

गणपती बाप्पा मोरया!