कचरा शहराचा, कष्ट कोणाचे?

(यवतमाळ येथे कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



शहराच्या स्वच्छतेची चर्चा निघाली म्हणजे ठेका, घंटागाडी आणि कचरा डेपो या तीन शब्दांतच ती आटोपते. पाठीवर पोते टाकून पहाटे बाहेर पडणाऱ्या बाईचा उल्लेख तीत नसतो; असलाच तर चोरीच्या संशयापुरता. वास्तविक कागद, पुठ्ठा, काच, लोखंड, प्लास्टिक निवडून ती कारखान्यांना कच्चा माल परत मिळवून देते आणि डेपोवर जाणारे ओझेही कमी करते. त्याची मजुरी तिला नगरपरिषद देत नाही, नागरिकही देत नाहीत. भंगारवाल्याच्या दुकानी काटा त्याचा आणि भावही त्याचाच.

ही स्थिती अटळ नाही, हे पुण्याने दाखवून दिले. डॉ. बाबा आढाव यांच्या मार्गदर्शनाखाली १९९३ साली तेथे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिच्या सभासदांत बहुसंख्य दलित स्त्रिया होत्या. त्यांनी दया मागितली नाही; आम्ही कामगार आहोत, एवढेच ठणकावून सांगितले. पंचायतीच्या ओळखपत्रांना महापालिकेने मान्यता दिली. २००८ साली कचरावेचकांच्याच मालकीच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने महापालिकेशी करार केला आणि त्या दारोदार कचरा गोळा करू लागल्या. घरटी शुल्क मिळू लागले, शिवाय विकाऊ मालावर हक्कही राहिला.

याच्या उलट कैरोचे उदाहरण पाहा. तेथील जब्बालीन पिढ्यान्‌पिढ्या घरोघरचा कचरा नेत व त्यावर जगत. २००३ च्या सुमारास सरकारने परदेशी कंपन्यांना ठेके दिले, आणि ज्यांनी शहर झाडले त्यांनाच व्यवस्थेबाहेर लोटले.

यवतमाळ, वणी, पुसदला यांपैकी कोणता मार्ग धरायचा? ठेकेदाराला वजनावर पैसे मिळत असतील, तर कचरा जितका जड तितका त्याचा नफा मोठा. निवडण्यात त्याचे हित नाही. शिवाय माल एकदा गाडीत पडला की वेचणारीची रोजी बुडाली. स्वच्छतेच्या नावाखाली होणारी ही बेदखलीच होय.

काही मित्र म्हणतील, हे काम जातीने लादलेले आहे. ते टिकवता कशाला? आक्षेप रास्त आहे. वेचणारीची मुलगी शाळेत गेली पाहिजे, तिच्या हाती पोते येता कामा नये. परंतु पर्याय न देता आजची भाकरी हिरावणे याला जातिनिर्मूलन म्हणत नाहीत.

कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घ्यावे, असे केंद्राच्या २०१६ च्या घनकचरा नियमांनी सांगितले होते. हे तत्त्व ठेक्याच्या अटींत उतरवून घेणे हे आपले काम आहे. प्रत्येक शाखेने आपल्या गावातील वेचकांची नोंद करावी. ओळखपत्र, निवाऱ्याखाली माल निवडण्याची जागा, हातमोजे आणि कामाचा मोबदला या मागण्या नगरपरिषदेच्या सभेत न्याव्यात. मात्र त्या मांडताना बोलणार आपण नव्हे, त्या स्त्रिया. आपण त्यांच्या मागे उभे राहावे.