शत्रूला आसरा



बोरी नदीच्या काठी वसलेल्या अमळनेर गावी श्रीमंत प्रताप शेठ यांच्या औदार्याने १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले. खानदेशच्या कपाशीच्या मुलखात, गिरणीच्या भोंग्याच्या आवाजात, देशोदेशीचे दर्शनशास्त्र तेथे अभ्यासिले जाऊ लागले. सज्जनाने सत्कर्म करावे यात नवल ते काय? परंतु ज्याच्या हातून घोर अपराध घडला आहे, असा मनुष्य आपल्याच शत्रूला जेव्हा आसरा देतो, तेव्हा त्या कृत्याचा उगम कोठे शोधावा? प्रश्न अशा मंदिरात शोभणारा आहे; तथापि त्याचे उत्तम उदाहरण सापडते ते एका मराठी चित्रपटात.

‘सामना’ हा तो चित्रपट, १९७४ सालचा. लेखन विजय तेंडुलकरांचे, दिग्दर्शन डॉ. जब्बार पटेलांचे, निर्मिती रामदास फुटाणे यांची. हिंदुराव धोंडे-पाटील हा साखर कारखान्याचा सर्वेसर्वा. पंचक्रोशीतील सत्ता त्याच्या मुठीत. ही भूमिका निळू फुले यांनी केली. त्याच्या गावात एके दिवशी एक व्यसनाधीन, फाटका मनुष्य येऊन पोहोचतो. कोणे एके काळी स्वातंत्र्याच्या लढ्यात उतरलेला हा ‘मास्तर’ डॉ. श्रीराम लागू यांनी उभा केला. हिंदुराव त्या निराधाराला उचलून आपल्या घरी आणतो, खाऊपिऊ घालतो. पुढे मारुती कांबळे हे नाव मास्तरांच्या कानी पडते. हिंदुरावाच्या सत्तेला न जुमानणारा हा मनुष्य एकाएकी नाहीसा झालेला आहे. तो कोठे गेला, त्याचे काय झाले, असे मास्तर विचारू लागतात, आणि मग विचारीतच राहतात. जो आश्रित होता, तो या प्रश्नाने वैरी होतो.

येथेच खरे कोडे आहे. ज्याने एका माणसाला वाटेतून दूर केले, त्याला दुसरा जड का व्हावा? मास्तरांच्या मागे ना आप्त, ना पक्ष, ना पैसा. हा मनुष्य उद्या दिसेनासा झाला, तर चौकशी करणारेही कोणी नाही. असे असता हिंदुराव त्याला घराबाहेर का काढीत नाही?

कोणी म्हणेल, दया. पण दया नडलेल्याची येते; आपल्या वर्मावर बोट ठेवणाऱ्याची येत नाही. कोणी म्हणेल, गर्व. सर्व माणसे विकत घेता येतात असा ज्याचा अनुभव, त्याला सदसद्विवेकही आपल्या ओसरीवर पोसून ठेवावा असे वाटणारच. या उत्तरात तथ्य आहे. आरंभी तर तेच अधिक खरे दिसते. परंतु गर्वाचा स्वभाव असा की तो डिवचला गेला की उलटतो. प्रश्न वाढत गेला, तरी आसरा सुटला नाही. तेव्हा गर्वाच्याही खाली आणखी काही असले पाहिजे.

ते असे. सत्ताधीशाच्या भोवती होयबांचा मेळा असतो. तो हसला की सारे हसतात, तो रागावला की सारे माना खाली घालतात. अशा माणसाला आपले खरे रूप कोठेच दिसत नाही. मास्तरांच्या नजरेत मात्र हिंदुरावाला ते दिसते. ते कुरूप आहे, पण आपले आहे. त्या आरशाचे भय वाटते आणि त्याच्यावाचून करमतही नाही. म्हणून शत्रूला राखताना हिंदुराव वस्तुतः स्वतःमधील उरलेल्या माणसाला राखीत असतो. याच वाटेने तो अखेरीस आपल्या अपराधाच्या कबुलीपर्यंत येऊन पोहोचतो.

याची दुसरी बाजू ‘दो आँखें बारह हाथ’ या १९५७ सालच्या चित्रपटात दिसते. औंध संस्थानात १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहत निघाली. त्या प्रयोगाच्या आधारे ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी चित्रपट केला. सहा खुनी कैद्यांना घेऊन एक जेलर उजाड माळावर शेती करण्यास निघतो. कैदी पळून जातात, आणि परत येतात. त्यांना परत आणतात त्या बेड्या नव्हेत, तर विश्वासाने पाहणारे दोन डोळे. तेथे नजर जेलरची आहे आणि अपराधी सहा आहेत. ‘सामना’त अपराधी सत्तेवर आहे आणि नजर एका भणंगाची आहे. न्याय मात्र एकच.

असे डोळे अमळनेरनेही पाहिले आहेत. १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी येथील प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि छात्रालय सांभाळीत. मुलांनी अंथरुणे तशीच टाकली, तर गुरुजी रागावत नसत. स्वतःच ती घडी करून ठेवीत. छडीपुढे कोडगी होणारी मुलेही त्या मुक्या सेवेपुढे ओशाळत.

परंतु येथे एक सावधगिरी राखली पाहिजे. हिंदुरावाने मास्तरांना आसरा दिला म्हणून मारुती कांबळे परत येत नाही. एका माणसाला वाचविल्याने दुसऱ्याच्या हत्येचा हिशेब फिटत नाही. आणि मास्तरांचे थोरपण हेच, की ज्याच्या घरचे अन्न खाल्ले त्यालाच ते हा हिशेब विचारीत राहिले. मिंधेपणाने त्यांची जीभ जड झाली असती, तर तो आसरा म्हणजे केवळ लाच ठरली असती. शत्रूला राखणाऱ्याचे पुण्य अर्धे. उरलेले अर्धे, राखले गेल्यावरही खरे बोलणाऱ्याचे.

घरोघरी, कचेऱ्यांत, संस्थांत असा एखादा अप्रिय प्रश्न विचारणारा असतोच. वडील मंडळींना तो नकोसा होतो, कारभाऱ्यांना तो उद्धट वाटतो. त्याला दाराबाहेर घालविणे फार सोपे असते. पण तो गेल्यावर त्या घरात शांतता नांदते, की केवळ मारुती कांबळेचे नाव निघेनासे होते, हे ज्याचे त्याने पाहावे.