गाठोडं कोण सांभाळणार?

20 डिसेंबर 1956 रोजी आपल्या वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलापाशी गाडगेबाबांनी देह ठेवला. बेघरांसाठी धर्मशाळा बांधणारे बाबा स्वतः चिंध्या पांघरून फिरले.

आमच्या स्टँडवरच्या एका आजोबांच्या पायाची जखम चिघळली होती, तरी ते दवाखान्यात यायला तयार होईनात. आम्ही आधी रागावलो, मग कारण विचारलं. मागं गाठोडं चोरीला जाईल, तिथं आधार कार्ड मागतील, वास येतो म्हणून हाकलतील, ही भीती होती.

मग आमच्यातली एकच बाई रोज ठरल्या वेळी चहा घेऊन गेली. पाचव्या दिवशी आजोबा उठले. एक जण गाठोड्यापाशी बसली, दुसरी सोबत गेली.

बायांनो, ओढून नेऊ नका, सोबत चला. जीव धोक्यात असेल तर मात्र लगेच 108 ला फोन करा.