जुन्या तबकड्यांच्या दुकानात

रविवारी सकाळी मी कापडी पिशवी खांद्याला अडकवून चपला शोधू लागलो, की आमच्या स्वयंपाकघरातून प्रश्न येतो, "भाजी आणायला निघालात वाटतं?" विचारणारीला उत्तर ठाऊक असते आणि मलाही प्रश्नाचा रोख ठाऊक असतो. मी खरे तेच सांगतो, "जुन्या बाजारात जाऊन येतो. घेणार काही नाही. नुसतं चाळून येतो."

'नुसतं चाळून येतो' या वाक्यावर आजवर कोणत्याही गृहिणीने विश्वास ठेवलेला नाही. वाचकहो, निदान तुम्ही तरी ठेवा. दहांपैकी आठ वेळा मी रिकाम्या पिशवीने परत येतो आणि तरीही माझा रविवार फुकट गेला असे मला वाटत नाही. का वाटत नाही, हेच आज तुम्हांला सांगायचे आहे.

मी चाळतो त्या जुन्या ध्वनिमुद्रिका. आमच्या आजोबांच्या पिढीत त्यांना 'तबकड्या' म्हणत आणि त्या वाजवणाऱ्या कर्ण्याच्या यंत्राला 'फोनो'. पुण्यात मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात कुलपे, पाने, पितळी समया आणि मोडकी घड्याळे यांच्या शेजारी त्या कधीमधी दिसतात. मुंबईत चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवर त्यांची दुकाने आहेत. कलकत्त्याला गेलात तर फ्री स्कूल स्ट्रीटवर चक्कर टाका. नव्या ध्वनिमुद्रिकांची दुकाने वेगळी. मुंबईच्या काळाघोड्यावरचे 'ऱ्हिदम हाउस' २०१६ साली बंद झाले, तेव्हा अनेकांना घरातले कोणी गेल्यासारखे वाटले. तिथे काचेच्या खोलीत उभे राहून तबकडी आधी ऐकता येत असे. पण ते दुकान नेटके होते. गायकाचे नाव सांगितले की माल पुढे येई. जुन्या दुकानाचे तसे नाही. तिथे तुम्ही काही मागितलेत, तर दुकानदार हाताने एक ढीग दाखवतो आणि म्हणतो, "देख लो."

या 'देख लो'मध्येच सारी गंमत आहे. मराठीत आपण पुस्तक चाळतो आणि पीठही चाळतो. क्रियापद एकच. धान्य पाखडणाऱ्या बाईची आणि ढिगापुढे उकिडव्या बसलेल्या माझ्यासारख्याची वृत्ती खरोखर एकच असते. घाई करून भागत नाही आणि हात थांबवूनही चालत नाही. एक सिनेमाची तबकडी, मग एक कीर्तनाची, मग इंग्रजी बँडची, मग पुन्हा सिनेमाची, आणि अवचित हात थांबतो.

हात थांबला की काय करायचे, तेही सांगतो. तबकडी दोन्ही तळव्यांत कडेने धरावी. रेघांवर बोटे टेकवू नयेत. उजेडाकडे तिरपी करून पाहावी. काळी आणि तुकतुकीत दिसली तर बरी. रेघा राखाडी दिसल्या तर समजावे, की बोथट टाचण्यांनी तिचा जीव घेतला आहे. मग कडेवरून नख फिरवावे, म्हणजे केसाएवढी चीर असली तरी नखाला लागते. शेवटी बोटाने हलकेच टिचकी मारावी. मडके घेताना आपल्या आज्या मारत, तशी. धड तबकडी खणखणीत बोलते. तडकलेली बद्द बोलते. एवढे करून भाव विचारावा, आणि विचारताना चेहरा भाजी घेतानाचा ठेवावा. हे मला अजून साधलेले नाही. चोरबाजारातले एक वृद्ध दुकानदार मला म्हणाले होते, "प्रोफेसरसाब, आपका चेहरा देखके ही मैं दाम बढ़ाता हूँ." त्यांनी भाव खरोखरच वाढवला होता आणि मी तो दिला.

आता ही वस्तू काय आहे, ते पाहा. मिनिटाला ७८ फेरे घेणारी ही तबकडी मुख्यतः लाख आणि दगडाची भुकटी यांची. ती लाख कुठली? बव्हंशी आपल्याच देशातली. छोटा नागपूरच्या रानात पळस, कुसुम, बोर या झाडांवर लाखेचे किडे वाढतात, त्यांची. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गाइसबर्ग कलकत्त्याला आले आणि त्यांनी गौहर जान हिचे गाणे मुद्रित केले. त्या वेळी तबकड्या छापण्याचा कारखाना इथे नव्हता. मूळ ठसे जर्मनीतल्या हानोव्हर शहरी जात आणि छापील तबकड्या बोटीने परत येत. तिथल्या कारागिराला गाणारीचे नाव कळावे, म्हणून गाणे संपताच ती आपले नाव इंग्रजीत सांगे, असे म्हणतात. कारण काहीही असो, तो ठसकेबाज आवाज आजही ऐकताना मी सावरून बसतो. पुढे १९०८ साली कलकत्त्यातच कारखाना निघाला आणि तबकडीचा हा सातासमुद्रांचा प्रवास टळला.

एका बाजूला वेळ किती? दहा इंची तबकडीला जेमतेम तीन मिनिटे. रंगभूमीवर बालगंधर्वांचे एकेक पद 'वन्समोअर' घेत घेत किती लांबे, याच्या कथा आपण ऐकल्या आहेत. तेच पद तीन मिनिटांत बसवायचे! रात्र रात्र राग आळवणाऱ्या गवयालाही आलाप, बंदिश आणि ताना इतक्याच वेळात उरकायच्या. काहींना ते जमले नाही. ज्यांना जमले, त्यांची तीन मिनिटे अशी घट्ट झाली आहेत, की त्यांतला एक स्वर काढावा म्हटले तर काढता येत नाही. वर्गात निबंध आटोपशीर लिहा असे मी मुलांना सांगतो, तेव्हा माझ्या मनात या तबकड्याच असतात.

आणि ढिगाला स्वतःची अशी एक विनोदबुद्धी असते. एकदा एका खोक्यात अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी हाती आली आणि तिला चिकटूनच हिराबाई बडोदेकरांची. हिराबाई या खाँसाहेबांच्या कन्या. पण त्या लहान वयाच्या असतानाच त्यांच्या आई मुलांना घेऊन खाँसाहेबांच्या घरातून बाहेर पडल्या आणि संसार दुभंगला. खाँसाहेब १९३७ साली गेले. हिराबाई १९८९ साली. कोणा अजाण हाताने बाप आणि लेक एकाच पुठ्ठ्याच्या खोक्यात शेजारी शेजारी ठेवली होती. कोणत्याही सूचीत हे मला भेटले नसते.

तुम्ही म्हणाल, आता हे सारे खिशातल्या फोनवर मिळते, मग हा धुळीतला उद्योग कशाला? प्रश्न रास्त आहे. मीही फोनवर ऐकतो. माझ्या विद्यार्थ्यांनी बालगंधर्व ऐकले असतील, तर ते फोनवरच. त्या यंत्राची निंदा मी करणार नाही. पण फोनला नाव सांगावे लागते, आणि त्याने आपण होऊन काही सुचवले, तर तुम्हांला काल आवडले त्याच्याच जातीचे सुचवतो. ढिगाला तुमची आवड ठाऊक नसते. ज्याचे नावच आपल्याला माहीत नाही, ते मागायचे कसे? ते समोर यावे लागते. शोधण्यात आपण हुशार ठरतो. चाळण्यात आपले अज्ञान उघडे पडते, आणि मला वाटते, माणसाने आठवड्यातून एकदा ते उघडे पडू द्यावे.

ढीग चाळण्याने काय घडू शकते, याची एक खरी हकीकत सांगतो. १९७७ साली अमेरिकेने 'व्हॉयेजर' नावाची दोन याने अवकाशात सोडली. त्यांच्यावर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी बसवली होती. उद्या कुणी परका जीव भेटलाच, तर त्याला पृथ्वीचा आवाज ऐकू यावा म्हणून. साऱ्या जगातून संगीताचे २७ नमुने निवडले होते. भारतीय संगीतातून सुचवली गेली ती गोव्यातल्या केरी गावी जन्मलेल्या, अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची भैरवी. निवड झाली, पण ध्वनिमुद्रिका काही मिळेना! त्या कामावरच्या अ‍ॅन ड्रुयान यांनी न्यूयॉर्क धुंडाळले, आणि अखेर ती सापडली लेक्सिंग्टन अव्हेन्यूवरच्या एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या उपकरणांच्या दुकानात. घडीच्या टेबलाखाली धुळीने भरलेले एक खोके होते आणि त्यात तिच्या तीन प्रती होत्या, न उघडलेल्या. केसरबाई त्याच वर्षी, १६ सप्टेंबरला निवर्तल्या. दोन्ही याने त्याआधीच निघाली होती, आणि त्यांतले एक २०१२ साली सूर्याच्या प्रभावाचे क्षेत्र ओलांडून ताऱ्यांमधल्या पोकळीत शिरले. केसरबाईंचा तो स्वर आज जिथे आहे, तिथे तो पोचला त्याचे एक कारण म्हणजे कुणीतरी टेबलाखाली वाकून खोके चाळले.

इतके सांगितल्यावर, हा नाद मला लागला कसा, हेही सांगायला हवे. ते सांगताना मला फारसा आनंद होत नाही.

आमचे घर सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात होते. १९९९ साली वाडा पाडायचा ठरला. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो, आणि माडी रिकामी करायचे काम माझ्याकडे आले. माडीवर आजोबांची, म्हणजे अण्णांची, एक लाकडी पेटी होती. त्यात चाळीसएक तबकड्या होत्या आणि बाजूला चावीचा फोनो. चावी फिरत नव्हती. तबकड्यांवर बोटभर धूळ. दारावर भंगारवाला आला, त्याने सगळ्याचे मिळून दीडशे रुपये दिले, आणि मी ते घेतले. ओझे गेले याचा मला आनंदच झाला.

आठ दिवसांनी आत्या आली. वाडा पडण्यापूर्वी एकदा पाहून घ्यावा म्हणून. माडीवर गेली, चारी कोपऱ्यांत पाहिले आणि खाली येऊन मला म्हणाली, "अरे, अण्णांची पेटी कुठे रे ठेवलीस?" मी सांगितले. ती काहीच बोलली नाही. रागावली असती तर बरे झाले असते. पदराने हात पुसले आणि म्हणाली, "बरं. चहा टाकते."

त्या चहानंतर मी जुन्या बाजारात जाऊ लागलो. प्रथम ती पेटीच शोधत होतो. अण्णांच्या तबकड्यांच्या कागदी पाकिटांवर त्यांच्या नावाचा जांभळा रबरी शिक्का असे. तो शिक्का मला आजवर दिसलेला नाही. दिसली ती दुसऱ्यांची नावे. एका पाकिटावर 'लग्नानिमित्त सप्रेम भेट', एकावर पेन्सिलीने मांडलेला दुधाचा हिशेब, एकावर कुणा पोराने गिरवलेली बाराखडी. प्रत्येक ढीग म्हणजे कुणाची तरी रिकामी केलेली माडी आहे, हे तेव्हा ध्यानात आले. माझ्या हाती जे घबाड लागते, ते कुणाच्या तरी घरातून असेच दीडशे रुपयांना गेलेले असते.

मागल्या दिवाळीपूर्वी हिराबाईंची एक तबकडी मिळाली. आत्या वारंवार आठवण काढी, तीच. आत्या आता ऐंशीच्या घरात आहे. मी ती घरी आणली, दुरुस्त केलेल्या फोनोला चावी दिली, नवी टाचणी लावली आणि तिला खुर्चीवर बसवले. आत्याने डोळे मिटले. मांडीवर बोटांनी ताल धरला. मध्येच एका जागी तिची बोटे थांबली आणि गाणे पुढे निघून गेले. संपल्यावर मी विचारले, "हीच ना?"

"गाणं तेच रे," ती म्हणाली. "पण आपली इथे अडकायची. अण्णा उठून बोटानं पुढे ढकलायचे."

अण्णांची तबकडी आत्याच्या बोटांत होती, चिरेसकट. मी आणलेली धड होती, म्हणून ती आमची नव्हती. तरीही आत्याने ती आणखी दोनदा लावायला सांगितली, आणि दुसऱ्या वेळेपासून त्या जागी बोटे थांबली नाहीत.

तेव्हा वाचकहो, एक विनंती. तुमच्या माळ्यावर अशी पेटी असेल, तर ती आडवी रचू नका, तबकड्या उभ्या ठेवा. ओझ्याने त्या तडकतात. घर बदलताना ती जड वाटली, तर द्या, खुशाल द्या. १९९० साली मुंबईत संग्राहकांची एक संस्थाही स्थापन झाली आहे, आणि मनापासून जपणारी माणसे गावोगाव आहेत. पण देण्यापूर्वी घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला एकदा विचारा. एवढेच. आणि एखादा रविवार मोकळा मिळाला, तर बाजारात या. घेऊ नका काही. नुसते चाळून जा. जांभळा शिक्का दिसला, तर मात्र मला हाक मारा.