निवृत्त पोलिसाच्या मनावरील आघात आणि त्यातून बाहेर येण्याची वाट

पोलिसाच्या मनावर होणाऱ्या आघाताचा विचार महाराष्ट्रात बहुधा अतिरेकी हल्ला किंवा चकमक यांच्याच संदर्भात केला जातो, आणि ते स्वाभाविकही आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवरील अतिरेकी हल्ल्यात कामा रुग्णालयाजवळ पोलीस अधिकारी हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर ज्या गाडीत मारले गेले, त्याच गाडीत गंभीर जखमी झालेले अरुण जाधव सहकाऱ्यांच्या देहांखाली अडकूनही जिवंत राहिले आणि पुढे त्यांनीच बिनतारी यंत्रणेवरून ती वार्ता कळवली. गडचिरोलीत ८ ऑक्टोबर २००९ रोजी लाहेरीजवळ चकमकीत १७ पोलीस मारले गेले. असे प्रसंग समाजाच्या स्मरणात राहतात. वर्धा जिल्ह्यातील पोलिसाने नोकरीभर सोसलेले मात्र कोणाच्या स्मरणात राहत नाही.

शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे २००६ मध्ये केंद्र सरकारने ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदत जाहीर केली, त्यांत वर्धा होता. अशा प्रत्येक मृत्यूची नोंद प्रथम ठाण्यात मर्ग, म्हणजे आकस्मिक मृत्यू, म्हणून होते आणि मृतदेहाचा पंचनामा करावा लागतो. हे काम पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली चाले, १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली चालते. कायद्याच्या भाषेत ही चौकशी असली, तरी देह खाली उतरवून घेणे, फवारणीच्या औषधाचा वास सोसत खुणा टिपणे आणि त्याच अंगणात विधवेचा जबाब लिहिणे, हे सारे ठाण्यातील जमादाराला किंवा ठाणेदाराला पुन्हापुन्हा करावे लागते.

अशा कामातून जडू शकणारा आघातोत्तर तणाव विकार म्हणजे भीषण अनुभवानंतर महिन्याहून अधिक काळ टिकणारी अशी अवस्था, की जिच्यात प्रसंग नको असताना डोळ्यांपुढे उभा राहतो, त्याची आठवण देणारी ठिकाणे व माणसे टाळली जातात, अपराधभाव किंवा अलिप्तता मनाला ग्रासते आणि झोप उडून शरीर सतत सावध राहते. अमेरिकन मानसोपचार संघटनेने १९८० मध्ये या विकाराला अधिकृत वर्गीकरणात स्थान दिले. २०१३ च्या आवृत्तीत मानवी अवशेष गोळा करणाऱ्यांसारख्या कर्मचाऱ्यांवर कामाच्या ओघात वारंवार होणारा आघातही स्पष्टपणे त्यात धरला गेला. पंचनामा करणाऱ्या पोलिसाच्या दृष्टीने ही नोंद फार मोलाची आहे, कारण त्याच्यावर गोळी झाडली गेली नसली, तरी त्याचे दुखणे खरे ठरते.

पूर्ण लक्षणे काही वेळा सहा महिन्यांनंतर किंवा अनेक वर्षांनीही दिसतात. बंदोबस्त आणि तपास यांत गुंतलेले मन निवृत्तीनंतर मोकळे होते, आणि घरची माणसे ‘साहेब रिटायर झाल्यापासून चिडके झाले’ एवढेच म्हणतात. पोलिसाचे मन दगडाचे असते, ही समजूत येथे सर्वाधिक घात करते. दारूने आलेली झोप तर विकार अधिकच मुरवते.

बरे होणे म्हणजे विसरणे नव्हे. आघातकेंद्री मानसोपचारात प्रशिक्षित तज्ज्ञाच्या सोबतीने तो प्रसंग सुरक्षित वातावरणात टप्प्याटप्प्याने सांगितला जातो, टाळलेल्या जागांशी हळूहळू पुन्हा ओळख केली जाते आणि ‘आपण लवकर पोहोचलो असतो तर तो वाचला असता’ यासारखा विचार पुराव्यावर तपासला जातो. आयुष्यभर इतरांचे जबाब तपासलेल्या माणसाला स्वतःवरचा हा आरोपही तसाच तपासता येतो. आठवण उरते, पण ती भूतकाळातील घटना म्हणून उरते. सर्ट्रालीनसारख्या औषधांचा काहींना उपयोग होतो, मात्र ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावी लागतात. या उपचारांनी अनेकजण बरे होतात. सर्वांनाच सारखा गुण येतो असे नाही, आणि मध्येच लक्षणे उलटली तरी उपचार फसले असे मानण्याचे कारण नाही.

मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीची वागणूक मिळावी, असे २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो. निवृत्तीच्या कागदपत्रांसोबत मनाचीही तपासणी व्हावी, ही मागणी त्यामुळे शासनाकडे हक्काने करता येते. तोवर वर्धा जिल्ह्यातील रोहणा गावाच्या परिसरात ज्या घरांत निवृत्त पोलीस रात्र रात्र जागा असतो, तेथील माणसांनी त्याला सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात सोबत घेऊन जावे, किंवा निदान १४४१६ या टेलि-मानसच्या विनामूल्य क्रमांकावर त्याचे बोलणे करून द्यावे.