जावरची चांदी
(मंडळाच्या सभेत दिलेले व्याख्यान)



आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी आजीची पितळी कळशी असेल. माळ्यावर पडलेली का होईना. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. आपल्या या उदयपूरच्या दक्षिणेस सुमारे 40 किलोमीटरांवर, टिडी नदीच्या काठी जावर आहे. ते गाजले चांदीसाठी. परंतु जगाच्या इतिहासात त्याचे नाव राहिले ते जस्तामुळे. मी भूगर्भशास्त्रज्ञ नव्हे, साधा बी.ए. आहे, तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

मोचिया, बलारिया, जावरमाला, बरोई या तेथील टेकड्या. त्यांच्या पोटात अरवलीचा डोलोमाइट खडक आहे. त्याचे वय दीड अब्ज वर्षांहून अधिक. त्या खडकाच्या भेगांतून शिसे आणि जस्त यांची गंधकयुक्त खनिजे एकमेकांत मिसळून बसली आहेत. चांदी अशी वेगळी दिसत नाही. ती शिशाच्या खनिजात अत्यल्प प्रमाणात दडलेली असते. शिसे वितळवून त्यावर वारा घातला की शिशाची राख होते आणि मुशीच्या तळाशी चांदीचा मणी उरतो. एवढ्याशा मण्यासाठी माणसे डोंगरात किती खोल उतरली! खडकाला आग लावायची, तो तडकला की फोडायचा, ही त्यांची रीत. जुन्या खाणीतील लाकूडकामाची कालगणना सुमारे 2400 वर्षांपूर्वीची निघाली आहे.

मेवाडच्या परंपरेप्रमाणे महाराणा लाखा यांच्या काळात, म्हणजे चौदाव्या शतकाच्या अखेरीस, येथील चांदीने राज्याला वैभव आले. राणा कुंभाची कन्या रमाबाई हिने पुढे येथेच मंदिर आणि कुंड बांधले. खाणीचे गाव म्हणजे केवळ धूर आणि घाम नव्हे, हे त्या पायऱ्यांवर बसले की कळते.

आता जस्त. ते वितळवून काढता येत नाही. खनिजातून सुटताच त्याची वाफ होते, आणि वाफेला हवा लागली की पांढरी राख. जावरच्या कारागिरांनी यावर काढलेला तोड पाहून मी थक्क झालो. भाजलेले खनिज मातीच्या वांग्याच्या आकाराच्या मुशीत भरायचे. रसरत्नसमुच्चयात तिला वृंताकमूषा म्हटले आहे. मध्ये एक काडी खोवायची. मग मुशी उलट्या करून छिद्रांच्या जाळीवर मांडायच्या, एका भट्टीत 36. वर विस्तव, खाली गार कोठी. काडी जळून तिच्या वाटेने वाफ खाली उतरे आणि गारव्यात तिचे थेंब होत. इंग्लंडात विल्यम चँपियनने जस्ताच्या उर्ध्वपातनाचे पेटंट घेतले 1738 साली. तोवर येथे कित्येक पिढ्या हे काम करून गेल्या होत्या. पाश्चात्त्य विद्वानांना त्याची पुरती ओळख पटली 1980 च्या दशकात, बडोद्याचे विद्यापीठ, ब्रिटिश म्यूझियम आणि हिंदुस्तान झिंक यांच्या संयुक्त संशोधनानंतर.

मग ही आग विझली कशी? येथे आपल्याला थोडे अवघडल्यासारखे होते, आणि व्हावेही. कर्नल टॉडने मेवाडच्या दुर्दशेचे खापर मराठ्यांवर फोडले. टॉड निःपक्षपाती नव्हता. कंपनी सरकारचा तो अधिकारी, मराठ्यांना बरे म्हणणे त्याच्या सोयीचे नव्हते. तथापि 1769 साली महादजी शिंद्यांनी उदयपुरास वेढा घातला आणि भलीमोठी खंडणी ठरली, हे टॉडचे कल्पित नव्हे. राजस्थानचा इतिहास वाचताना मी हे पान अनेकदा घाईने उलटले आहे. खाणीला सलग शांतता लागते. पाणी उपसावे लागते, कोळसा आणावा लागतो, कारागीर टिकावा लागतो. सतत खंडणी भरणाऱ्या राज्याला हे जमणार कसे? पुढे 1812-13 चा दुष्काळ आला. सगळा दोष आपला म्हणणार नाही. पण आपला वाटा शून्य होता असेही मला म्हणवत नाही.

विसाव्या शतकात खाणी पुन्हा सुरू झाल्या. 1966 साली हिंदुस्तान झिंक हा सरकारी उपक्रम स्थापन झाला, 2002 मध्ये तो खासगी हाती गेला. आजही तेथे शिसे-जस्त निघते, आणि त्यांच्यासोबत चांदीही.

आपली सहल कधी तिकडे गेली तर गावातल्या जुन्या भिंती अवश्य पाहाव्यात. त्या विटांच्या नाहीत. वापरून झालेल्या मुशी एकावर एक रचून त्या उभारल्या आहेत. मुले आठवण म्हणून एखादी मूस उचलू पाहतील. त्यांना तेवढे उचलू देऊ नये.