सकाळी उठून काय करायचा?



आयोजकांनी मला विषय दिला तो असा: अर्थपूर्ण आयुष्य कसं जगावं, प्रेरणा कुठून घ्यावी. मी म्हणालो, अहो, मी सैन्यातला माणूस. यावर बोलायला एखादे कीर्तनकार बोलवा. मला फार तर एक प्रश्न सांगता येईल. तोही माझा नाही. एका आईने मला विचारला होता, आणि तेव्हा मी तिच्यासमोर निरुत्तर झालो होतो.

गोष्ट १९९०च्या दशकातली. मी सियाचीनवर कंपनी कमांडर होतो. १३ एप्रिल १९८४ला ऑपरेशन मेघदूत सुरू झालं, तेव्हापासून आपलं सैन्य त्या हिमनदीवर आहे. तिथं पारा शून्याखाली चाळीसच्याही खाली जातो. शत्रूच्या गोळीने जितके जवान गेले, त्याहून जास्त थंडीने, हिमकड्यांनी आणि विरळ हवेने गेले. दोन चौक्यांमध्ये जाताना आम्ही एकमेकांना दोरीने बांधून चालायचो, कारण वरून सपाट दिसणाऱ्या बर्फाखाली खोल भेग असू शकते.

अशाच एका भेगेत माझा एक जवान गेला. वय बावीस.

काही महिन्यांनी सुट्टीवर आलो, तेव्हा कोल्हापूर जिल्ह्यातल्या त्याच्या गावी गेलो. आई अंगणात बसली होती. गावातली दहा-पंधरा माणसं जमली. मी बोलायला लागलो. देश, कर्तव्य, पलटणीची शान, तुमच्या मुलाचं नाव अमर राहील. हे शब्द खोटे नव्हते. पण मला ते पाठ होते, आणि पाठ असलेलं बोलणं ऐकणाऱ्याला लगेच कळतं.

माझं संपेपर्यंत ती थांबली. मग म्हणाली, “सायेब, ते समदं खरं. पर त्यो तितं सकाळी उटून काय करायचा वो?”

मी म्हणालो, “ड्यूटी करायचा.”

“म्हंजी काय करायचा?”

मी गप्प. कोणीतरी चहा आणला, विषय बदलला, मी निघालो.

त्या रात्री तालुक्याच्या विश्रामगृहात मला झोप लागली नाही. उत्तर मला माहीत होतं. तो काय करायचा हे माझ्याइतकं कोणाला माहीत होतं? पण ते सांगण्याजोगं आहे असं मला वाटलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत गेलो. या वेळी माणसं नव्हती, ती एकटी होती. मी सांगितलं, चार वाजता सगळ्यांच्या आधी तुमचा मुलगा उठायचा. रॉकेलचा स्टोव्ह पेटवायचा. त्या उंचीवर तो सहज पेटत नाही, बोटं आधी बगलेत धरून ऊब आणावी लागते. मग कुऱ्हाडीने बर्फ फोडून डब्यात घालायचा. डबाभर बर्फाचं पाणी थोडंसंच होतं, म्हणून पुन्हा बर्फ, पुन्हा पाणी. पहिला मग रात्रीच्या पहाऱ्यावरून आलेल्या माणसाला. मग एकेकाला मोजे काढायला लावायचा आणि पायाची बोटं काळी पडली नाहीत ना, ते बघायचा. एकदा त्याने आमच्या हवालदाराची बोटं वेळेवर पाहिली. तो हवालदार आज दोन पायांवर चालतो.

ती ऐकत होती. मग विचारलं, “च्या कोन करायचं?”

“तोच.”

ती पहिल्यांदा हसली. “घरात कदी सोताचा कप उचलला न्हाई,” म्हणाली, आणि मग रडली. आदल्या दिवशी माझ्या भाषणावर ती रडली नव्हती.

मित्रांनो, ही गोष्ट मी नंतर विसरलो. खरंच विसरलो. बदल्या, बढत्या, कोर्स, फायली. आयुष्य पुढं जात राहतं.

मग निवृत्त झालो आणि म्हैसूरला घर घेतलं. हवा चांगली, गाव नेटकं, सकाळी चामुंडी टेकडीच्या पायऱ्या चढायला मिळतात. पहिले तीन महिने मजेत गेले. मग फोन वाजायचा थांबला. गेटवर सलाम करणारं कोणी नव्हतं. मला स्वतःला सांगायला लाज वाटायची, पण सकाळी उठावंसं वाटेना. मी प्रेरणादायी पुस्तकं आणली. मोबाईलवर रोज सकाळी सुविचार यायचे, ते मी पन्नास जणांना पुढं पाठवायचो. संध्याकाळपर्यंत सकाळचा सुविचार कोणता होता, हेही आठवत नसे.

बायको रोज चहा घेताना विचारायची, “आज तुम्ही काय करणार आहात?” साधा प्रश्न. बाजारातून काही आणायचं असेल म्हणून विचारायची. आणि मी तिच्यावर चिडायचो. का चिडतो, हे मला कळत नव्हतं.

त्याच दिवसांत एक ओळखीचे प्राध्यापक मला म्हैसूरच्या प्राच्यविद्या संशोधन संस्थेत घेऊन गेले. जवळच्या चौकाला कौटिल्य सर्कल म्हणतात. मी रोज तिथून जायचो, नाव का पडलं हे कधी विचारलं नव्हतं. ते त्या दिवशी कळलं.

ही संस्था १८९१ साली ओरिएंटल लायब्ररी म्हणून सुरू झाली. संस्थानाने जागोजागची हस्तलिखितं गोळा करायला सुरुवात केली होती. रुद्रपट्टण शामशास्त्री तिथं ग्रंथपाल होते. हा माणूस सकाळी उठून काय करायचा? ताडपत्रांची पोथी सोडायची, धूळ झटकायची, अक्षर लावायचं, काय आहे ते नोंदवहीत लिहायचं, पोथी बांधून ठेवायची. मग दुसरी पोथी. टाळ्या नाहीत, बातमी नाही.

तंजावर जिल्ह्यातल्या एका पंडिताने एक पोथी त्या ग्रंथालयाला दिली होती. ग्रंथ लिपीतली. शामशास्त्रींनी ती वाचली आणि हातात काय आलं आहे, ते ओळखलं. ते कौटिल्याचं अर्थशास्त्र होतं. दंडी, बाण अशा जुन्या लेखकांनी त्याचा उल्लेख केला होता, इथंतिथं उतारे सापडत होते, पण मूळ ग्रंथ विद्वानांच्या हाती नव्हता. शेकडो वर्षं हरवल्यासारखाच होता. १९०५ साली शामशास्त्रींनी ही गोष्ट जगापुढं आणली, १९०९ साली मूळ संहिता छापली, १९१५ साली इंग्रजी भाषांतर. प्राचीन भारतात राज्यकारभाराचा विचारच नव्हता असं म्हणणाऱ्यांना हे पंधरा अधिकरणांचं उत्तर होतं.

मला मात्र दोन गोष्टी लागल्या. पहिली, तो पंडित. पोथी देणाऱ्या त्या माणसाची ओळख आज आपण ‘तंजावर जिल्ह्यातला एक पंडित’ एवढीच सांगतो. त्याने ती पोथी जपली आणि जिथं ती वाचली जाईल तिथं पोचवली. त्याचं काम तेवढंच, आणि ते नसतं तर पुढचं काहीच नव्हतं. दुसरी गोष्ट, शामशास्त्रींना त्या पोथीने प्रेरणा दिली नाही. पोथी सापडण्याआधीही ते रोज पोथ्या उघडतच होते. पोथी त्यांना सापडली, कारण ते रोजच्या कामावर हजर होते.

आपण उलट समजतो. आधी प्रेरणा येईल, मग मी कामाला लागेन.

घरी येऊन मी अर्थशास्त्र वाचायला घेतलं. आपल्या मुंबई विद्यापीठाने रा. प. कांगले यांची संपादित संहिता, भाषांतर आणि अभ्यास असे तीन भाग १९६० ते १९६५ या काळात काढले. शामशास्त्रींनंतर आणखी हस्तलिखितं मिळाली, पाठ तपासले गेले, पहिल्या भाषांतरातल्या चुका दुरुस्त झाल्या. म्हणजे म्हैसूरच्या माणसाने दार उघडलं आणि मुंबईच्या माणसाने घर झाडून घेतलं.

त्या ग्रंथात हेर आहेत, कट आहेत, कठोर शिक्षा आहेत. सगळं आज घेण्यासारखं नाही, घेऊही नये. पण पहिल्याच अधिकरणात राजाचा दिवस सांगितला आहे. दिवसाचे आठ भाग, रात्रीचे आठ भाग. कोणत्या भागात संरक्षण आणि जमाखर्च ऐकायचा, कोणत्या भागात लोकांची कामं बघायची, केव्हा स्नान, जेवण, अभ्यास, केव्हा झोप. रात्रीच्या सहाव्या भागात वाद्यांच्या आवाजाने उठायचं आणि आज काय करायचं आहे, त्याचा विचार करायचा.

मी पुस्तक खाली ठेवलं. एवढा मोठा ग्रंथ, राज्य मिळवण्याचा आणि टिकवण्याचा, आणि तोही राजाला तेच विचारतो आहे: सकाळी उठून काय करणार? वीस वर्षांपूर्वीचं ते अंगण माझ्या डोळ्यांसमोर आलं. आणि बायकोवर मी का चिडतो, तेही कळलं. तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्याच भागात आणखी एक सूचना आहे. काम घेऊन आलेल्या माणसाला दारात ताटकळत ठेवू नये. ती मी वाचली, मान डोलावली आणि पान उलटलं. तिची किंमत मला थोड्याच दिवसांनी कळली.

एका माजी सैनिकाची विधवा आमच्या इमारतीच्या गेटवर आली. एच. डी. कोटे तालुक्यातून, दोन बस बदलून. तिची पेन्शन बंद झाली होती. इथं एक कर्नलसाहेब राहतात, एवढंच कोणीतरी तिला सांगितलं होतं. मी पाहुण्यांबरोबर जेवत होतो. वॉचमनने इंटरकॉमवर विचारलं, मी म्हणालो, उद्या यायला सांग.

उद्या ती आली नाही. परवाही नाही. बायको फक्त एवढंच म्हणाली, “उद्या यायला तिच्याकडे बसचे पैसे असतील का?”

तीन आठवडे लागले तिला शोधायला. शेवटी मीच तिच्या गावी गेलो. कागद पाहिले. नोकरीच्या नोंदीत तिचं नाव एक, आधारवर दुसरं. घरात हाक मारायचं नाव आणि कागदावरचं नाव, यांच्यात फक्त दोन अक्षरांचा फरक. त्यात हयातीचा दाखला वेळेवर गेलेला नव्हता. माझं कन्नड मोडकंतोडकं, तिला हिंदी येत नव्हतं. प्रतिज्ञापत्र, बँक, पुन्हा कार्यालय. चार महिन्यांनी पेन्शन सुरू झाली. मी माफी मागितली, तेव्हा तिला ती कशाबद्दल हेच समजेना. साहेबलोक उद्या या म्हणतात, याची तिला सवय होती.

तेव्हापासून माझ्या घराच्या व्हरांड्यात दोन खुर्च्या आणि एक टेबल आहे. मंगळवार आणि शनिवार, सकाळी नऊ ते बारा. माजी सैनिक आणि त्यांच्या घरची माणसं येतात. आता पेन्शनचं बरंच काम ‘स्पर्श’ नावाच्या संगणकीय व्यवस्थेतून होतं. पासवर्ड विसरलेला असतो, मोबाईल नंबर बदललेला असतो, अंगठ्याचा ठसा उमटत नाही, कारण शेतात राबून रेषा झिजलेल्या असतात. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यांसाठी गर्दी असते. काही कामं होतात, काही होत नाहीत. यात महान असं काही नाही. पण सकाळी बायको विचारते, तेव्हा माझ्याकडे उत्तर असतं.

म्हैसूरमध्येच सिद्धार्थनगरला संरक्षण खात्याची अन्न संशोधन प्रयोगशाळा आहे, डिसेंबर १९६१मध्ये सुरू झालेली. जवानांना उंचावर, वाळवंटात, समुद्रावर खाता येईल, टिकेल असं जेवण तयार करायचं, हे तिचं काम. १९८४ साली राकेश शर्मा अंतराळात गेले, तेव्हा त्यांच्यासोबतचा सुजी हलवा इथूनच गेला होता. सैन्यात असताना गरम पाण्यात टाकून उघडायची जेवणाची पाकिटं मी खाल्ली, आणि चवीवरून शिव्याही दिल्या. ती कोणी बनवली, हे एकदाही मनात आलं नाही. आता त्या भिंतीजवळून फिरायला जातो तेव्हा वाटतं, आत कोणीतरी पोळी किती महिने मऊ राहते, ते रोज मोजत असेल. ती पोळी कोण खाणार, हे त्याला कधी कळणार नाही.

तर माझं सांगणं एवढंच. अर्थ शोधायला फार लांब जाऊ नका. आज रात्री एक कागद घ्या आणि एक वाक्य लिहा: उद्या सकाळी उठून मी कोणासाठी काय करणार? ‘समाजासाठी’ असं लिहू नका. माणसाचं नाव लिहा, कामही नेमकं लिहा. नाव सुचलं नाही, तर त्यावरच विचार करा. मला ते सुचायला दोन वर्षं लागली.

त्या जवानाच्या आईला मी वर्षातून एकदा फोन करायचो. गेल्या वर्षी ती गेली. शेवटच्या फोनवर तिला नीट ऐकू येत नव्हतं. मी मोठ्याने विचारलं, “आई, कशा आहात?” तिने उत्तर दिलं नाही, उलट मलाच विचारलं, “सायेब, आता काय करता वो तुमी?”

मी म्हणालो, “लोकांचे कागद भरतो.”

“बरं हाय,” ती म्हणाली. “च्या घेतला न्हवं?”